तोंडं बनवण्याचा धंदा

हे लिहितोय तेव्हा माझ्या टेबलावर सात तोंडं आहेत. दोन नेरळची, तीन खोपोलीची, एक चौकचं आणि एक इथलंच, भिसेगावातलं, माझ्या घरापासून चार दारं सोडून. सगळी पांढऱ्या प्लास्टरची, सगळी उघडी, आणि एकही बोलत नाही. बायकोचं म्हणणं, म्हणूनच मी घरापेक्षा लॅबमध्ये जास्त रमतो. तोंडाला तोंड देण्याचा माझा स्वभाव नाही, आणि दिलं तरी मी हरतो.

मी दातांचा मेकॅनिक. सरकारी कागदावर ‘दंतयांत्रिक’ असा शब्द आहे. तो पाटीवर लावला तेव्हा एक शेतकरी बिघडलेला पंप टेंपोत घालून घेऊन आला होता. तेव्हापासून पाटीवर नुसतं ‘कवळी’ लिहिलंय आणि खाली दातांचं चित्र काढलंय. चित्र मीच काढलं, त्यामुळे ते मक्याच्या कणसासारखं दिसतं.

काम समजायला सोपं आहे. डॉक्टर रुग्णाच्या हिरड्यांचं माप घेतात आणि ते माझ्याकडे पाठवतात. मी त्यात प्लास्टर ओतून हिरड्यांचा साचा काढतो. साच्यावर मेण बसवतो, मेणात एकेक दात रोवतो. ते मेणाचे दात डॉक्टर रुग्णाच्या तोंडात घालून बघतात. जमलं तर मेणाच्या जागी गुलाबी भुकटीचा लगदा भरून, उकळून पक्का करायचा, घासायचा, चमकवायचा. झाली कवळी. दात तयार येतात, पट्टीवर चिकटवलेले, शर्टाच्या बटणांसारखे. प्रत्येक पट्टीला रंगाचा नंबर असतो. पंचाहत्तरीचे आजोबासुद्धा सगळ्यात पांढरा नंबर मागतात, आणि मग हसले की ट्यूबलाइट लागल्यासारखं होतं.

या सगळ्यात एक गोष्ट लोकांना खरी वाटत नाही. ज्यांचे दात मी बनवतो, त्यांना मी कधी पाहिलेलंच नसतं. रुग्ण डॉक्टरांचा. माझ्याकडे येतो साचा आणि चिठ्ठी. तीस वर्षं मी तालुक्यातल्या लोकांना आतून ओळखतो, बाहेरून नाही. एखाद्याची डावी हिरडी किती झिजलीय ते मला तोंडपाठ असतं, पण तोच माणूस बाजारात माझ्या पायावर पाय देऊन गेला तरी मला पत्ता नसतो.

ओळखायची एकच सोय होती, आणि ती सांगायला आता लाज वाटते. खालापूरच्या एसटी स्टँडवर मी एकदा बसची वाट बघत होतो. बाकावर चार म्हातारी माणसं गप्पा मारत होती. कुणीतरी काही बोललं आणि चौघं हसली. चौघांचं हसणं एकच. एकाच आईची चार लेकरं असावीत तसं. ते हसणं माझं होतं. मी शिकलो तेव्हा गुरूने समोरच्या सहा दातांची एक छान रांग घोटून घेतली होती, आणि मी इमानेइतबारे तीच रांग सगळ्यांना वाटत सुटलो होतो. त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोला मोठ्या अभिमानाने सांगितलं, “अर्धा तालुका माझ्या दातांनी हसतो.”

बायको म्हणाली, “आणि तुमचा स्वतःचा वरचा दात पडून वर्ष झालं, तो कोण बसवणार?”

तो अजून बसलेला नाही. पण विषय तो नाही.

विषय तोंड. या शब्दाची माझी खरी ओळख करून दिली दहिवलीच्या मास्तरांनी. मराठी शिकवून निवृत्त झालेले. निवृत्त झाले तरी शिकवणं काही सुटलं नव्हतं. कवळी बसवली आणि दुसऱ्या दिवशी थेट माझ्या लॅबमध्ये. मी म्हटलं, “सर, तक्रार डॉक्टरांकडे करायची.”

“तक्रार नाही रे. तू काय बनवतोस ते बघायला आलो.”

“कवळी.”

“कवळी हे त्याचं नाव. बनवतोस तू तोंड. तोंड शब्द कुठून आला, सांग.”

मी पन्नाशीला टेकलेला माणूस, हातात घासायचं मशीन, आणि पुन्हा चौथीच्या वर्गात. म्हटलं, “माहीत नाही सर.”

“संस्कृतात तुंड. तुंड म्हणजे चोच. किंवा सोंड. जनावराचा पुढे आलेला भाग. वक्रतुंड म्हणतोस ना रोज सकाळी? कोण तो?”

“गणपती.”

“गणपती झाला. अर्थ काय? ज्याची सोंड वाकडी तो. माणसासाठी चांगले शब्द होते की. मुख, वदन, आनन. आपल्या लोकांनी ते सगळे देवांना देऊन टाकले आणि स्वतःकडे चोच ठेवून घेतली. देवळात मुखदर्शन घ्यायचं, आणि घरी आल्यावर कुणाचं तोंड बघितलं आज सकाळी, म्हणून बोंब मारायची.”

मास्तर नवीन दातांनी मनापासून बोलत होते आणि मी ऐकत कमी, बघत जास्त होतो. खालची कवळी जागच्या जागी होती. मी मनात स्वतःची पाठ थोपटली. मास्तर पुढे सरकले. जे पुढे आलेलं असतं आणि जिथून आत-बाहेर करता येतं, त्या सगळ्याला आपण तोंड म्हणतो, असं त्यांचं सूत्र. घाटाच्या तोंडाशी खोपोली. बोगद्याचं तोंड, पोत्याचं तोंड, माठाचं तोंड. गळवालाही तोंड आणि भांडणालाही तोंड फुटतं. पेरणी, लग्न, निवडणूक, सगळं तोंडावर येतं. गोड बातमी आली की तोंड गोड करायचं, काम फसलं की तोंड लपवायचं. तोंडी लावायला लोणचं. आणि तोंडली सुद्धा त्याच घरातली म्हणाले, संस्कृतातली तुंडिका. हे ऐकून बायकोने त्या संध्याकाळी मुद्दाम तोंडल्याची भाजी केली. मला ती आवडत नाही, हे तिला अठ्ठावीस वर्षांपासून माहीत आहे.

जाताना मास्तर दारात थांबले. “एक लक्षात ठेव. आपल्याकडे चेहऱ्यालाही तोंड म्हणतात आणि घास घेतो त्यालाही तोंडच. आई म्हणते तोंड धू, तेव्हा चेहरा. डॉक्टर म्हणतो तोंड उघडा, तेव्हा दुसरं. एकाच शब्दात दोन्ही कोंबली, कारण ती वेगळी नाहीत. तुझ्याकडे मात्र एकच येतं.”

मी हो हो म्हटलं. शाळेतही मी मास्तरांना असंच हो हो म्हणायचो.

त्यांच्या म्हणण्याचा एक पुरावा तर माझ्या कपाटातच होता. काही वर्षांपूर्वी एकाच महिन्यात दोन साचे आले, एक कर्जतच्या डॉक्टरांकडून, एक खोपोलीच्या. दोन्हींत टाळूच्या बरोबर मधोमध हाडाचा एक लांबट उंचवटा, चिंचोक्यासारखा. असा उंचवटा घराण्यात चालत येतो. चिठ्ठ्या बघितल्या, आडनाव एकच. चौकशी केल्यावर कळलं की सख्खे भाऊ आहेत, आणि बांधावरून बिनसल्यापासून एकमेकांचं तोंड बघत नाहीत. मी काय करणार? दोघांना कवळ्या गेल्या. साचे मात्र मी टाकले नाहीत. कपाटात वरच्या फळीवर दोघांची तोंडं समोरासमोर ठेवली आहेत. निदान तिथे तरी.

आता चांगुणाबाई.

खालापूरला एक डॉक्टरीण आहे, तिशीची, हुशार, कामाला चोख. मला काका म्हणते. तिच्याकडून चिठ्ठी आली होती: ‘स्त्री, चौऱ्याहत्तर, वरची-खालची पूर्ण. नातीचं लग्न आहे, लवकर हवी.’ लग्नासाठी कवळी हे आमच्या धंद्यात नेहमीचंच. फोटो असतात, पंगत असते. मी माझी ती प्रसिद्ध सहा दातांची रांग रोवली. एकसारखी, एक केस जाणार नाही इतकी चिकटून. तासून, चमकवून पाठवून दिली. लग्नाला आठवडा होता.

मंगळवारी सकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन. “काका, त्या आजी परत आल्यात. दात नको म्हणतायत.”

“टोचतात का?”

“नाही.”

“ढिले?”

“नाही हो. गाता येत नाही म्हणतात.”

तीस वर्षांत चावता येत नाही, गिळता येत नाही, शिव्या देता येत नाहीत अशा सगळ्या तक्रारी ऐकल्या होत्या. ही नवीन होती. हत्यारांची पेटी गाडीला लावली आणि पळसदरीवरून खोपोली करत खालापूरला पोचलो.

चांगुणाबाई खुर्चीत बसल्या होत्या. लहानखुरी बाई, पाठ ताठ, नऊवारीचा पदर घट्ट खोचलेला. माझी कवळी त्यांनी हातरुमालात बांधून मांडीवर ठेवली होती, प्रसादासारखी. मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“तूच का रं दात करनारा?”

“हो आजी.”

“दात बेस केलंस. माजी सून तर बोलली, आई, तुमी सिरेलीतल्या सासूसारक्या दिसता. पन माजं काम होत नाय त्यांनी.”

“काय काम आजी?”

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. चांगुणाबाई धवलारीण. आमच्याकडच्या लग्नात धवले गातात, ती लांबलचक गाणी. ती गाणारी बाई ती धवलारीण. मांडवात बसून ती देवांना, डोंगराला, पाण्याला, घरातल्या गेलेल्या माणसांना नावं घेऊन लग्नाला बोलावते. पितर आले की मग हळद. चांगुणाबाईंनी चाळीस-पन्नास वर्षं पंचक्रोशीतल्या लोकांच्या पितरांना हाका मारल्या होत्या. आता स्वतःच्या नातीचं लग्न होतं, रविवारी मांडव, आणि दात गेल्यापासून दीड वर्ष त्या कुठेच गायल्या नव्हत्या.

“माज्या लेकानं सांगून ठेवलंय,” त्या म्हणाल्या, “आई, तुला नाय जमलं तर मोबाइलवर धवले हायेत, स्पीकर लावू. आता सांग. माज्या दारात मांडव, आन आमच्या मानसांना हाक मोबाइल मारनार? त्ये येतील का? त्यांनी मोबाइल बगितला तरी हाय का?”

आमच्या धंद्यात आवाज तपासायची एक रीत आहे. मेणाचे दात तोंडात घालून रुग्णाला आकडे म्हणायला लावतात: एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, थेट एकोणसत्तरपर्यंत. त्यात सगळे ‘स’ आणि ‘ष्ट’ येतात. दात चुकीच्या जागी असला तर लगेच शीळ वाजते नाहीतर थुंकी उडते. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, “आकडे म्हणवून घेतले होते ना?”

ती ओशाळली. चांगुणाबाईच म्हणाल्या, “तिला नको बोलू. तिनं सांगितलं आजी, एकसष्टपासून म्हना. मला विसाच्या फुडं कुटं येतंय? मी भाताचं पोतं मोजते ते पन एक वीस, दोन वीस असंच. तीन वीस आन एक, तीन वीस आन दोन, असं म्हनून दाखवलं. मग तिनं इचारलं, बरं वाटतंय का. मी बोलली, बरं वाटतंय. येवढी गुनाची पोर, तिचं तोंड कशाला उतरवू?”

म्हणजे परीक्षा झालीच नव्हती. प्रश्नच चुकीचा होता आणि बाईंनी पेपर कोरा देण्याऐवजी आम्हाला पास केलं होतं.

“आजी, दात घाला आणि गा,” मी म्हटलं.

त्यांनी दात घातले, डोळे मिटले आणि आवाज लावला. दवाखान्यात मी पहिल्यांदाच कुणाला स्वतःहून एवढं मोठं तोंड उघडताना बघितलं. दुसऱ्याच हाकेला खालची कवळी उडी मारून उठली. वरच्या दातांमागे गुलाबी भाग जाड होता, तिथे जीभ अडखळत होती. मी खालच्या कवळीची कड थोडी उतरवली, वरचीचा मागचा भाग घासून पातळ केला. डॉक्टरीणबाईंनी बसवून बघितलं. पुन्हा गायल्या. आता कवळी हलली नाही, शब्द सुटे आले. मी पेटी आवरायला घेतली.

“नाय,” चांगुणाबाई म्हणाल्या.

“आता काय आजी?”

“आवाज हाय. पन माजा नाय. कोना दुसऱ्या बाईचा हाय.” त्या थांबल्या. “आमची मानसं वळखनार नायत रं.”

त्या पहिल्यांदाच जरा घाबरल्यासारख्या वाटल्या. मी विचारलं, तुमचे आधीचे दात कसे होते? “व्हते तसे व्हते. आरशात दात कोन बगतो?” घरी एखादा फोटो? फोटो होता, आधार कार्डावर. तोंड घट्ट मिटलेलं. फोटो काढताना आपण सगळ्यांना तोंड मिटायला सांगतो, आणि मग मेकॅनिकने काय करायचं?

कवळी घेऊन मी परत निघालो. येताना त्या म्हणाल्या, “नाय जमलं तर ऱ्हाऊंदे. तू वाईट नको वाटून घेऊ.” हे त्यांनी म्हणायला नको होतं. त्याने जास्त वाईट वाटलं.

जेवताना बायकोला सांगितलं. आमच्याकडे जेवताना मी रोज एक किस्सा सांगतो आणि ती त्यातल्या चुका काढते. या वेळी ती मध्येच थांबली. “कुठल्या चांगुणाबाई? गाव कुठलं?”

मी चिठ्ठी काढून गाव सांगितलं.

“अहो, चांगुणाआत्ते त्या. आमच्या गावाला लागूनच त्यांचं गाव. आपल्या लग्नात त्याच गायल्या होत्या.”

“आपल्या लग्नात?”

“तुमच्या मागे बसल्या होत्या. तुम्हाला कसं आठवेल, तुम्ही शुद्धीवर कुठे होतात?”

ती हात न धुता उठली, कपाटावरचा अल्बम काढला आणि उष्ट्या हाताने, करंगळीच्या टोकाने पान उलटलं. तिसऱ्या पानावर मी. मुंडावळ्या बांधलेल्या, अंगाला हळद, तोंड असं की जणू आत्ताच कुणीतरी दाढ उपटायला बसवलंय. आणि माझ्या उजव्या खांद्याच्या मागे, फोटोच्या कडेला, एक लहानखुरी बाई. डोळे मिटलेले, तोंड सताड उघडं, आणि वरच्या दोन दातांच्या मध्ये काळी, सरळ रेघ. फट.

मी भिंग आणलं. फट होती तांदळाचा दाणा उभा बसेल एवढी. डावीकडचा दात किंचित पुढे झुकलेला. त्या फटीतूनच त्यांचा ‘स’ बाहेर पडत होता, पन्नास वर्षं, आणि मी ती सफाईने बुजवून टाकली होती. मला एकदम आठवलं सुद्धा. लग्नात मागून एक बारीक शीळ येत होती, नावांतल्या ‘स’ला चिकटलेली. मला वाटलं होतं कुणाची तरी लहान पिपाणी वाजतेय.

“अठ्ठावीस वर्षं हा अल्बम घरात आहे,” बायको म्हणाली. “तुम्ही दर वेळी उघडता आणि फक्त स्वतःचं तोंड बघता.”

लॅबमध्ये जाऊन समोरचे दात कापून काढले आणि मेणात पुन्हा रोवायला बसलो. सांगायला सोपं आहे. पण तीस वर्षं या हाताने फटी बुजवल्या. दोन दात जवळ आले की बोट आपोआप त्यांना एकमेकांकडे ढकलतं. तीनदा मी दात लावले आणि तीनदा ते चिकटून बसलेले निघाले. शेवटी स्वयंपाकघरातून तांदळाचा दाणा आणला आणि दोन दातांच्या मध्ये धरून ठेवला. बायको म्हणाली, “कोलमचा घ्या, तो बारीक असतो. आत्तेंची फट नाजूक होती.” एवढा बारकावा फोटोत नव्हता. तो तिच्या लक्षात होता.

गुरुवारी ती माझ्याबरोबर खालापूरला आली, अल्बम पिशवीत घालून. चांगुणाबाईंनी तिला बघितलं आणि डोळे बारीक केले.

“तू गनपतची लेक ना गं?”

“हो आत्ते.”

“आन हा कोन तुजा?”

“नवरा.”

चांगुणाबाई खुर्चीत सावरून बसल्या आणि त्यांनी पदर डोक्यावर ओढला. “अगं बया. जावई तुमी? आन मी तुमाला ‘रं’ करती मंगळवारपासून. सांगाचं नाय का?”

तेव्हापासून मी ‘तुमी’ झालो. दात मात्र तेच तपासायचे होते. डॉक्टरीणबाईंनी मेणातले दात हलकेच बसवले. मी म्हटलं, “आत्ते, आकडे नकोत. तुम्हाला जी नावं घ्यायची आहेत ती घ्या.”

त्यांनी डोळे मिटले. आधी देवांची नावं, मग डोंगराचं. मेण नाजूक, म्हणून हळू आवाजात. तिसऱ्या नावाला ती शीळ आली. बारीक, सरळ, नावातल्या ‘स’ला चिकटलेली. चांगुणाबाई थांबल्या. त्यांनी जिभेने समोरची फट चाचपली, एकदा, दोनदा, घरात शिरताना उंबरा चाचपावा तशी.

“ही माजी हाय,” त्या म्हणाल्या.

बाहेरच्या खोलीतला एक माणूस, गाल टोपीएवढा सुजलेला, दार ढकलून आत डोकावला आणि म्हणाला, “मॅडम, रेडिओ लावलाय का?” डॉक्टरीणबाईंनी त्याला बाहेर पाठवलं आणि टिश्यूने डोळे पुसले. मेणाची वाफ डोळ्यात जाते, असं तिने मला सांगितलं. मेण थंड होतं.

शुक्रवारी दात पक्के करून दिले. रविवारी आम्ही दोघं मांडवाला गेलो, सकाळीच. दारात उंबराची फांदी, खाली नवीन घडे मांडलेले, अंगणात बायका जात्याभोवती बसलेल्या. कोपऱ्यात तो स्पीकर होताच, काळा, माणसाएवढा उंच. चांगुणाबाईंचा मुलगा वायर हातात धरून उभा. लागली गरज तर असावी, असा त्याचा चेहरा. नवरी, स्वाती तिचं नाव, आजीच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली होती.

चांगुणाबाईंनी सुरुवात केली आणि मी आवाजाकडे लक्ष न देता खालच्या कवळीकडे बघत होतो. सवय. कवळी हलत नव्हती. मग हळूहळू मी बघायचं विसरलो. देव आले, डोंगर आला, विहीर आली. मग घरातली माणसं, जुन्यातल्या जुन्यापासून. सासरा, सासू, लहान वारलेला दीर. आणि मग त्यांचा नवरा. एरवी चांगुणाबाई त्यांचं नाव घेत नाहीत. ‘हे’ म्हणतात, नाहीतर ‘पोरांचा बा’. धवल्यात मात्र नाव घ्यावंच लागतं, त्याशिवाय हाक पोचणार कशी? त्यांनी हाक मारली. सखाराम. त्या ‘स’ला ती शीळ लागली, तांदळाच्या दाण्याएवढ्या फटीतून, आणि मांडवातली सगळी कुजबुज थांबली. त्यांच्या मुलाने वायर खाली ठेवली. स्वातीने आजीच्या गुडघ्यावर डोकं टेकलं.

पुढे धवल्यात कारागिरांची पाळी येते. ज्याने घडे दिले तो, ज्याने मांडव बांधला तो, ज्याने टोपल्या विणल्या तो, सगळ्यांना मानाने बोलवायचं. एकेक झाले. मग चांगुणाबाईंनी एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं, आणि त्याच चालीत, काही न अडखळता, भिसेगावच्या दातवाल्या जावयालाही लग्नाला बोलावलं. बायका खुसखुसल्या. माझं काय झालं मला माहीत नाही.

हळद लागली. पंगतीत मी त्यांच्या समोर बसलो होतो, कारण पहिला घास चावलेला बघणं हा आमच्या धंद्यातला आनंद असतो. चांगुणाबाईंनी वडा हातात घेतला, तो खाली ठेवला, दोन्ही कवळ्या काढल्या, हातरुमालात बांधून कनवटीला लावल्या आणि हिरड्यांनी वडा खायला लागल्या.

“आत्ते, दात,” मी म्हटलं.

“खायाला कशाला?” त्या म्हणाल्या. “खायाला हिरड्या हायेत की. दात मी गायाला केलेत.”

त्यानंतर मी चिठ्ठीचा कागद बदलला. रंगाचा नंबर आणि वयाच्या खाली एक ओळ वाढवली: ‘जुना फोटो, तोंड उघडं असलेला. आणि हे दात कशासाठी हवेत?’ डॉक्टर आधी हसले, आता लिहून पाठवतात. मास्तरांना दाखवला तर त्यांनी पेनाने त्यात एक अनुस्वार दिला. अर्धा तालुका माझ्या एकाच हसण्याने हसतोय तो हसतोच आहे. त्यांच्या फटी आता मी कुठून आणू? पण टेबलावरच्या या सात तोंडांच्या शेजारी आता सात फोटो आहेत, आणि सातही जण वेगवेगळे हसतायत.

स्वातीने मांडवातला एक फोटो मोबाइलवर पाठवला. पुढे चांगुणाआत्ते, डोळे मिटलेले, तोंड सताड उघडं, दोन दातांच्या मध्ये ती काळी रेघ, अगदी सरळ. माझं काम मी कधी इतकं स्पष्ट पाहिलं नव्हतं. आणि त्यांच्या उजव्या खांद्यामागे, कडेला, मी. तोंड त्यांच्याएवढंच उघडं, आणि वर जिथे दात हवा तिथे भगदाड.

बायकोने तो फोटो छापून आणला आणि अल्बमात, तिसऱ्या पानावर, लग्नाच्या फोटोशेजारी लावला. मग डॉक्टरीणबाईंना फोन लावून माझ्या हातात दिला.

“काका,” पलीकडून आवाज आला, “माप घ्यायला कधी येताय? आणि कागदावर काय लिहू, हे दात कशासाठी हवेत?”

मी तोंड उघडलं. बायको समोर उभी होती, म्हणून पुन्हा मिटलं.